कपाशीचा सल्ला: मोबाइलमधला एआय की किसान कॉल सेंटर?

कळंब तालुक्यातला भाचा विचारतो, "मामा, कपाशीवर काय फवाराचं हे एआयले विचारू का फोन लावू?"

किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर टोल फ्री आहे, साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतो आणि मराठीत बोलता येतं. वेळ सकाळी ६ ते रात्री १०. एआयला स्मार्टफोन, रिचार्ज आणि रेंज हवी. पण तो रात्री-बेरात्रीही उत्तर देतो, डोमकळीचा (अळीमुळं पाकळ्या न उमललेल्या फुलाचा) फोटो पाहून गुलाबी बोंडअळीची शंका सांगतो, डब्यावरचं इंग्रजी मराठीत करून देतो. हा फायदा लहान नाही.

खरा फरक चुकीत आहे. एआय कधी कधी चुकीची मात्राही ठामपणे सांगतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर दगावले. इथं अंदाज चालतच नाही. कॉल सेंटरवाल्याला मात्र वावर दिसत नाही, तू सांगशील तेवढंच कळतं. म्हणून आधी गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) बघ आणि आकडा फोनवर सांग: दर सापळ्यात रात्रीला ८ पतंग, सलग ३ रात्री, म्हणजे उपाय करायची वेळ आली.

रोग-कीड समजून घ्यायला, अर्ज लिहायला एआय. औषध आणि मात्रा ठरवायची तर फोनच. आणि स्मार्टफोन नसेल तर एवढ्यासाठी हप्त्यावर घेऊ नको.