वाचनालयाच्या माडीवरचा ज्ञानेश्वरी वर्ग: दोन वर्षांचा अनुभव

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ ज्ञानेश्वरीचा वर्ग भरतो. फी नाही, चहाचे महिना ५० रुपये. पाचपैकी साडेचार तारे देतेय. अर्धा का कापला ते पुढं सांगते.

याआधी मी दुसरीकडं जायचे. तिथं नवव्या अध्यायाच्या वेळी मी विचारलं, की गीतेत ‘पापयोनी’, म्हणजे जन्मानंच पापी, म्हटलंय ते नेमकं कोणाला, आम्हा बायकांना का? सांगणाऱ्या महाराजांनी पोथी मिटली. म्हणाले, “शंकाच घ्यायच्या असतील तर घरी बसा.” चौतीस वर्षं नर्स म्हणून रात्रपाळ्या केल्या, पण त्या दिवशी चपला घालताना डोळे भरून आले. पुन्हा गेले नाही.

इथले गुरुजी संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांचा नियम एकच. ज्याचं म्हणणं खोडायचंय, त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, आणि तो “हो, हेच” म्हणेपर्यंत पुढं सरकायचं नाही. हे मी शोधलेलं नाही, असं ते सांगतात. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं येतं, मग उत्तर. वाद, जल्प आणि वितंडा यांतला फरकही त्यांच्याकडूनच कळला. वाद खरं काय ते कळावं म्हणून, जल्प जिंकायला, आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं नुसतं पाडत राहायचं.

माझा जुना प्रश्न इथं पुन्हा विचारला तेव्हा गुरुजींनी फळ्यावर दोन बाजू लिहिल्या. शंकराचार्यांच्या भाष्यात तो शब्द स्त्री, वैश्य, शूद्र यांनाच लावलाय. टिळकांनी पापयोनी हा वेगळाच वर्ग धरला. मग माउलींची ओवी:

यालागीं पापयोनीही अर्जुना । कां वैश्य शूद्र अंगना । मातें भजतां सदना । माझिया येती ॥

त्यातल्या ‘कां’वर त्यांनी खडूनं गोल केला. ‘कां’ म्हणजे ‘किंवा’. म्हणजे अंगना, आम्ही बायका, पापयोनींहून वेगळ्या. मला तेवढ्यानं फार हलकं वाटलं.

पण शेजारी बसणारे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. ते बौद्ध आहेत, वडिलांनी १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेली. ते म्हणाले, “ताई, तुमची सुटका झाली. पण ‘किंवा’ म्हटलं तरी जन्मानं पापी असं कोणीतरी उरतंच ना? आणि ओवी १२९० ची. पंढरपूरचं देऊळ आमच्यासाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. चोखोबा पायरीशीच राहिले. साडेसहाशे वर्षं ही ओवी काय करत होती?”

माडीवर कोणी बोलेना. खालून दुधवाल्याच्या किटल्यांचा आवाज तेवढा येत होता. आमच्यातले एक माळकरी काका, तीस वर्षं पायी वारी केलेले, चेहरा लाल करून उभे राहिले. गुरुजी एवढंच म्हणाले, “आधी त्यांचं.” काका थांबले. तुळशीची माळ बोटांत घट्ट धरली होती. बऱ्याच वेळानं म्हणाले, “ओवी पोथीत राहिली आणि पायरी देवळात राहिली, असं तुम्ही म्हणताय.”

“हो, हेच.”

मग काका बोलले, पण आवाज उतरला होता. “चोखोबांचे अभंग आम्ही रोज म्हणतो. त्या पायरीवर डोकं ठेवतो. तिथं हा प्रश्न कधी मनात आला नाही. उत्तर आज माझ्याकडं नाही. पण ओवी मी सोडणार नाही.”

“सोडा असं मी म्हटलंच नाही,” ते गृहस्थ म्हणाले.

गुरुजींनी यावर समारोप केला नाही, ते मला सगळ्यात आवडलं. ‘शेवटी सगळं एकच’ म्हणून त्यांनी विषय गुंडाळला असता, तर त्या गृहस्थांचा प्रश्न चहाबरोबर संपला असता. काका पुढचे तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी आले ते चोखोबांच्या अभंगांची वही घेऊन, आणि तास त्यावरच गेला.

आता अर्धा तारा. वेग फार कमी आहे. नवव्या अध्यायाच्या ५३५ ओव्यांना सात महिने लागले. सबंध ग्रंथ लवकर वाचून व्हावा अशी इच्छा असेल तर इथं जीव कासावीस होईल. जिना अरुंद आहे, कठडा हलतो. गुडघे दुखत असतील तर वाचनालयात आधी सांगा, खालच्या खोलीत बसायची सोय करतात.

येताना घरात असेल ती पोथी आणा, नवी घेऊ नका. एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केलेल्या परंपरेतली प्रत कोणाकडं असते, कोणाकडं इतिहासकार वि. का. राजवाड्यांची १९०९ ची. शब्द जुळले नाहीत की दोन्ही मोठ्यानं वाचल्या जातात. सध्या बारावा अध्याय चालू आहे, मध्येच आलात तरी चालेल.