‘बर्फाचे टायर’ म्हणून नागपुरात आम्हाला काय विकलं गेलं

टायर रिमवर चढवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजू स्वतः वाचा. डिसेंबर २०२४ मध्ये एवढं एकच वाक्य कोणी मला सांगितलं असतं, तर आमचे ४८ हजार रुपये वाचले असते आणि मनालीजवळच्या सोलंगच्या रस्त्यावरची ती सकाळही टळली असती. म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

माझी मुलगी दहा वर्षांची. बर्फ तिने फक्त टीव्हीवर पाहिलेला. नागपूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हा श्रीनगर ते कन्याकुमारी असा सलग रस्ता, म्हणजे घराजवळून निघायचं आणि सरळ उत्तरेकडे जात राहायचं. आम्ही मनाली ठरवलं. इथून सोळाशे किलोमीटरच्या आसपास. गाडी आमचीच, पुढच्या चाकांवर ओढणारी साधी एसयूव्ही. तिचे टायर २८ हजार किलोमीटर चाललेले, नक्षी अजून चांगली शिल्लक होती. पण नवऱ्याच्या ऑफिसात कोणीतरी सांगितलं की बर्फाचे टायर नसतील तर वरून परत पाठवतात. ही माहिती अर्धवट होती. बर्फ पडलेल्या दिवशी पोलीस अडवतात हे खरं, पण ते फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांवर ओढणारी गाडी आहे का, चाकांना साखळी आहे का ते बघतात. हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

नागपुरातल्या तीन दुकानांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, “ताई, आपल्याकडे विंटर टायर येतच नाही. पंचेचाळीस डिग्रीच्या गावात कोण घेईल?” ती तिन्ही माणसं खरं बोलत होती. आम्हाला वाटलं त्यांना माहिती नाही. चौथ्या दुकानदाराला मी व्हॉट्सअॅपवर विचारलं, स्नो टायर मिळतील का. दहा मिनिटांत फोटो आला आणि खाली लिहिलेलं, “हो मॅडम, स्नो टायर ४ नग उपलब्ध.” हा मेसेज मी डिलीट केला नाही, हे आज माझ्या कामाला येतंय.

दुकानात गेलो तर चारही टायर काळेभोर चकाकत होते, खाचा चांगल्या खोल. दुकानदाराने टायरच्या कडेवर ‘एम’, अधिकचं चिन्ह आणि ‘एस’ अशी उठावदार अक्षरं बोटाने दाखवली. “एम म्हणजे माउंटन, एस म्हणजे स्नो. इंपोर्टेड माल हाय ताई. मनाली, काश्मीरवाले आपल्याकडूनच घेऊन जातात.” मी मान डोलावली. त्या अक्षरांचा खरा अर्थ ‘मड आणि स्नो’, म्हणजे चिखल आणि बर्फ, असा आहे. नव्या टायरवर बारीक रबरी केस असतात तेवढं मला माहीत होतं, म्हणून विचारलं की यांना केस का नाहीत. “इंपोर्टेडला नसतात,” असं उत्तर आलं. काही साच्यांतून निघालेल्या टायरला खरंच केस नसतात, त्यामुळे एवढ्यावरून खोटं पकडता येत नाही. त्याने खऱ्याचाच आधार घेऊन खोटं सांगितलं.

एका टायरचे साडेतेरा हजार. चारचे ५४ हजार, त्यातून आमच्या जुन्या टायरचे ६ हजार वजा, म्हणजे ४८ हजार. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “त्यावर २८ टक्के जीएसटी लागून जाईल, उगाच कशाला?” आम्ही कच्च्या बिलावर तयार झालो. वहीच्या आकाराचा कागद, त्यावर ‘टायर ४ नग’ आणि रक्कम. टायरचं नाव नाही, साइज नाही, दुकानाचा जीएसटी नंबर नाही. पाच हजार फोनवरून पाठवले, बाकी रोख. मग तो म्हणाला, “तुम्ही चहा पिऊन या, अर्धा तास लागते.” आम्ही चहाला गेलो. परत आलो तोवर टायर चढले होते, बॅलन्सिंग झालं होतं आणि आमचे जुने टायर आत कुठेतरी गेले होते.

खवासा ओलांडून पेंचचा टप्पा सुरू झाला तेव्हापासून गाडी ऐंशीच्या वर गेली की स्टिअरिंग थरथरायचं. त्याला फोन केला. “नवीन टायर हाय, बसायला वेळ लागते. आणि बर्फात हवा पंचवीसच ठेवा, पकड चांगली येते.” हवेचा हा सल्लाही चुकीचा होता. थंडीत टायरमधली हवा आपोआप उतरते. तापमान साधारण साडेपाच अंशांनी खाली गेलं की हवेचा दाब एक पीएसआय (दाब मोजायचं माप) कमी होतो. नागपुरात तीस अंशांत भरलेली हवा मनालीत शून्याखाली पाच-सहा पीएसआयने कमी भरते. तिथे ती मुद्दाम आणखी सोडायची नसते. थंड टायरवर मोजून, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलंय तेवढी भरायची असते.

मनालीत पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सोलंगकडे निघालो. रस्त्याच्या मधल्या भागातला बर्फ गाड्यांनी दाबून दाबून घट्ट झाला होता. वेग पंधराच्या आसपास. उताराचं एक वळण आलं, मी ब्रेक दाबला आणि पायाखाली पेडल थडथड करायला लागलं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करत होतं. गाडी मात्र थांबत नव्हती. स्टिअरिंग वळवलेलं, पुढची चाकं वळलेली, आणि गाडी वळणाकडे न जाता सरळ. डाव्या हाताला रस्ता साफ करून लोटलेल्या बर्फाचा ढीग होता, त्यात नाक घुसून थांबली. उजव्या हाताला दरी होती. मागे माझी मुलगी काहीच बोलली नाही. मी वळून पाहिलं तर तिने दोन्ही हातांनी सीटबेल्ट छातीशी धरला होता.

मागून येणारा एक स्थानिक टॅक्सीवाला थांबला. गाडी मागे ढकलायला मदत केली आणि मग खाली वाकून आमच्या टायरवर अंगठ्याचं नख रोवलं. नख घसरलं. “दीदी, ये तो लकड़ी है,” तो म्हणाला. मला त्याच्या गाडीजवळ नेलं आणि स्वतःच्या टायरवर तसंच करून दाखवलं. तेवढ्या थंडीतही त्याच्या टायरच्या रबरात नखाची खूण उमटली. त्याच्या टायरच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसाएवढ्या बारीक नागमोडी चिरा होत्या. आणि कडेवर एक छोटं चित्र: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची पाकळी. “ये निशान देखा था?” नव्हतं पाहिलं. असं काही चिन्ह असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

हे चिन्ह म्हणजेच खरा फरक. ‘एम प्लस एस’ ही अक्षरं कंपनी नक्षीच्या ठेवणीवरून स्वतःच छापते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. आपल्याकडच्या कित्येक एसयूव्हींच्या साध्या टायरवरही ती असतात. डोंगर आणि पाकळीचं चिन्ह मात्र घट्ट बर्फावरच्या पकडीची ठरावीक चाचणी पार केल्याशिवाय लावता येत नाही. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या ‘एम प्लस एस’ला हिवाळी टायर म्हणून मान्यताच नाही. साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रण वेगळं असतं म्हणून ते मऊ राहतं. त्या बारीक चिरा बर्फाला चावतात. खाचांत भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो आणि त्यानेही पकड मिळते, म्हणून या टायरच्या खाचांत बर्फ भरणं चांगलंच. चारही चाकांना एकसारखे टायर लागतात. फक्त पुढे लावले तर ब्रेक मारताना मागचा भाग फिरतो. आणि रस्त्यावर काचेसारखा गोठलेला पातळ थर असेल तर हिवाळी टायरवरही भिस्त ठेवता येत नाही, तिथे साखळी लागते.

टॅक्सीवाल्याने त्याच्याकडची साखळी आमच्या पुढच्या दोन चाकांना बांधली, कारण आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढते. हळूहळू खाली आणलं. डांबर लागल्याबरोबर साखळी काढायला लावली. गाडी हॉटेलात उभी केली आणि पुढचे दोन दिवस त्याच्याच फोर बाय फोरने फिरलो, अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत गेलो. मुलीने बर्फात खेळून घेतलं. त्या दोन दिवसांचं भाडं आणि त्याच्या गाडीचं पेट्रोल धरूनही टायरच्या निम्मे पैसे झाले नाहीत. नागपूरहून जाणाऱ्याने हेच करावं असं मी आता प्रत्येकाला सांगते: आपल्या गाडीचे चांगल्या अवस्थेतले साधे टायर घेऊन मनालीपर्यंत जा, बर्फात स्थानिक गाडी आणि स्थानिक ड्रायव्हर घ्या. खरा हिवाळी टायर मिळाला तरी नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचं मऊ रबर भराभर झिजतं आणि तापलेल्या डांबरावर ब्रेकही नीट लागत नाहीत.

परतीचा सगळा रस्ता सत्तरच्या वर गाडी नेली नाही. घरी आल्यावर मोठे काका आले. हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली, टायर त्यांच्या हाताखालून किती गेले असतील त्याची मोजदाद नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “काऊन गं पोरी, हे कोणी दिले तुले?” मग चटई टाकून गाडीखाली शिरले. मला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगितला.

टायर कोणत्या आठवड्यात बनला ते डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटच्या चार आकड्यांत असतं. पण पुष्कळ टायरवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला डीओटी असतं, तारीख नसते. आमचे चारही टायर तारखेची बाजू आत करून चढवलेले होते. चहाला पाठवलं ते यासाठी. काका खालून आकडे वाचत गेले आणि मी लिहीत गेले. २२१६, २२१६, ४०१५, ०९१७. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. सर्वांत नवा टायर जवळपास आठ वर्षांचा.

पण त्याहून वाईट पुढे होतं. काकांनी माझं बोट धरून खाचेच्या तळाशी फिरवलं. तळ खरखरीत, आणि खाचेच्या भिंतींवर पात्याच्या बारीक रेघा. कारखान्यात साच्यातून निघालेली खाच गुळगुळीत असते. प्रत्येक टायरच्या खाचेत काही ठिकाणी आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद. आमच्या टायरमध्ये कडेवर त्या जागेची खूण होती, पण खाचेत उंचवटा नव्हता. तो कापून काढला होता. झिजून गेलेल्या टायरमध्ये गरम पात्याने नव्या खाचा पाडल्या होत्या आणि वरून काळं पॉलिश मारलं होतं. पेट्रोलचा बोळा फिरवल्यावर कडेवरच्या भेगा दिसायला लागल्या.

“रिमोल्ड वेगळं,” काका म्हणाले. “त्यात वरून नवीन रबर चढवतेत, एसटी त्याच्यावर चालते. इथं तर होतं तेच रबर कापलं. खाली टायरच्या आतल्या तारा लगेच लागतेत.” ट्रकच्या काही टायरवर पुन्हा खाचा पाडता येतील असं कंपनीनेच छापलेलं असतं, त्यांत तेवढं जाड रबर मुद्दाम ठेवलेलं असतं. कारच्या टायरला ती सोय नाही. आपल्याकडे विकायच्या कारच्या टायरवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तोही या चारांवर नव्हता. हे परदेशात वापरून टाकून दिलेले टायर असावेत असा काकांचा अंदाज.

दुकानात गेलो तर माणूस तोच, भाषा वेगळी. “आम्ही स्नो टायर म्हटलंच नाही.” मेसेज दाखवला. “तो पोराने टाकला असंन.” कच्च्या बिलाकडे बघून म्हणाला, हे टायर आमच्याच दुकानातले कशावरून? शेवटी पंधरा हजार परत देतो, टायर ठेवून जा, म्हणाला. नवरा घ्यायला तयार होता. मी नाही म्हटलं, कारण ते चार टायर दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला पॉलिश मारून लागले असते.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. तिथून तडजोड होईना, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. घेतलेल्या वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पक्कं बिल नसल्यामुळे काम अवघड झालं आहे. आमच्या हातात व्हॉट्सअॅपचा मेसेज, पाच हजार पाठवल्याची नोंद आणि टायर, एवढंच आहे. बिलावर टायरचं नाव, साइज आणि प्रत्येक टायरचे ते चार आकडे लिहून घेतले असते तर दुकानदाराला एक वाक्यही बोलता आलं नसतं. पुढचे टायर मी तसेच घेतले. ते रिमवर चढेपर्यंत तिथून हलले नाही.

ते चार टायर आमच्या गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवलेत. काकांनी प्रत्येकावर पांढऱ्या खडूने त्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहे, आणि पावसाने पुसली की मुलगी परत गिरवते.