उल्हासनगरचं दाल-पकवान, आणि सोबत इलेक्शनच्या गप्पा
कॅम्प दोनमधल्या गल्लीत छोटं सिंधी नाश्त्याचं दुकान आहे, रविवारी सकाळी गेलो. पकवान, म्हणजे तळलेली कडक पुरी, एकदम खुसखुशीत, चणाडाळ गरम, वरून चिंचेची चटणी आणि कांदा, ७० रुपयात पोट भरलं!! पण खरी मजा गल्ल्यावरच्या काकांशी बोलण्यात. फाळणीनंतर त्यांचे वडील सिंधमधून इथल्या मिलिटरी बराकीत आले, १९४९ मध्ये कॅम्पचं उल्हासनगर झालं. सिंध अख्खं पाकिस्तानात गेलं त्यामुळे यांना भाषेचं राज्यच नाही, सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, यायला १९६७ उजाडलं. काका म्हणाले, "वडील मत देताना एकच बघायचे, निर्वासितांचं कोण बोलतं, म्हणून आमच्या घरी जनसंघ." आणि आता? आता बघतात की घराची सनद, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, कोण देतं आणि बांधकाम रेग्युलर कोण करून देतं. मला वाटतं हे त्याच जखमेचं पुढचं रूप आहे, एकदा घर गेलेला माणूस कागदाला फार जपतो. बसायला जागा कमी, दहानंतर पकवान संपतं, लवकर जा.