गोठ्यावरची टिनं: आठ महिन्यांनंतर, आणि त्या तांबड्या ठिपक्यांबद्दल

कवेलू उतरवून गोठ्यावर टिनं टाकली, त्याला आठ महिने झाले. उन्हाळ्यात खाली भट्टी होते, पावसात बोललेलं ऐकू येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचंय ते ठिपक्यांबद्दल.

मिरगाचा पाऊस पडून चार दिवस नाही झाले, तर स्क्रूंच्या आजूबाजूला तांबडे ठिपके. चौदा टिनं, तुरीच्या पैशातून घेतलेली. तडक दुकान गाठलं. "भाऊ, माल चांगला आहे, बसवताना काही झालं असंल," दुकानदार म्हणाला. मी नाही नाही ते बोललो.

घरी येऊन शिडी लावली, ठिपका नखानं खरवडला. तो सुटून बोटावर आला! खाली जस्ताच्या लेपाची फुलांसारखी नक्षी जशीच्या तशी. गंजला होता तो ड्रिलचा कीस. मिस्त्रीनं अँगलला छिद्रं पाडली अन् लोखंडाचा चुरा टिनावरच सोडून उतरला. दोन मिनिटांची झाडणी केली नाही, म्हणून तीन टिनांवर कायमचे डाग राहिले. याचा राग अजून जात नाही.

टिनाबद्दलचं माझं मत मात्र पार बदललं. आपण टिन म्हणतो, पण त्यात कथील औषधालाही नसतं. पोलादी पत्रा साधारण 450 अंशांवर वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. सोरेल नावाच्या फ्रेंच माणसानं 1837 मध्ये या रीतीचं पेटंट घेतलं. जस्त मात्र त्याच्या कितीतरी शतकं आधी आपल्याकडे, उदयपूरजवळच्या झावरला निघत होतं. 907 अंशांवर त्याची वाफ होते, त्यामुळे उघड्या भट्टीत ते हाती लागत नाही. झावरच्या कारागिरांनी मातीच्या मुशी उलट्या लावून ती वाफ खाली थंड केली. मला याचा फार अभिमान वाटतो.

गोठ्यात कडुनिंबाचं खोड आहे. त्यासाठी एक टिन कातरीनं कापलं, दुसरं कटर मशीननं. कातरीच्या कडेला अर्धा मिलिमीटर लोखंड उघडं पडलंय, तरी आठ महिन्यांत तिथं तांबूस रेघही नाही. शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं अन् लोखंडाला वाचवतं. मशीनच्या कडेचं जस्त मात्र जळून गेलं होतं, ती कड तपकिरी पडली.

माझी टिनं 120 ची, म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त. एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन. पैसे वाचवले, ते चुकलं. शेणाच्या उकिरड्याकडचं टिन आत्ताच पांढुरकं पडलंय. जनावरांच्या मुताची वाफ जस्ताला सोसत नाही.

पोळ्याच्या बाजाराला गेलो तेव्हा दुकानदाराला सांगून आलो, की चूक तुमची नव्हती. वैरणीच्या बाजूला आणखी चार टिनं टाकायची आहेत, ती 275 ची घेणार. कापायची कातरीनंच. अन् मिस्त्री खाली उतरायच्या आधी फडा घेऊन मी वर चढणार आहे.