कोश घ्यायचा तर आधी ‘चार्ज’चं पान उघडा

भाची एमपीएससीची तयारी करून राहिली आहे. मागच्या महिन्यात इथल्या, नागपूरच्या बर्डीवरून ती इंग्रजी-मराठी समानार्थी शब्दांचा कोश घेऊन आली. छापील किंमत ३९५ रुपये, घासाघीस करून ३४० ला मिळाला. “मावशी, पाहून सांग न, कामाचा आहे का?” म्हणाली. एकवीस वर्षं झाली, मी कोर्टाच्या आवारात टेबल टाकून इंग्रजी कागदांची मराठी भाषांतरं करते. त्यामुळे घरात कोश आला की आधी माझ्या हाताखालून जातो. प्रकाशकाचं नाव देत नाही. याच धाटणीचे आणखी दोन कोश मी चाळले आहेत, ते याच्याहून फार वेगळे नाहीत.

कोश पारखायची माझी एकच रीत आहे: ‘चार्ज’चं पान उघडायचं. त्यामागे एक जुनी फजिती आहे. टेबल टाकून वर्षही झालं नव्हतं. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार बँकेचं इंग्रजी पत्र घेऊन आले. शेतावर बँकेचा ‘चार्ज’ आहे, असं त्यात होतं. मी दिवसभर फौजदारी कागदांत बुडालेली, लिहून मोकळी झाले, ‘सदर शेतजमिनीवर बँकेचा आरोप आहे’. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि विचारलं, “बाई, माह्या वावरानं काय गुन्हा केला जी?” बाजूच्या टेबलावरचे टंकलेखक काका महिनाभर मला ‘वावराच्या वकीलबाई’ म्हणत होते.

तिथे हवा होता ‘बोजा’. सातबाऱ्यावर इतर अधिकारांच्या रकान्यात तलाठी जो चढवतो, तो बोजा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मधला ‘चार्ज’ही याच घरातला: पैसे फिटेपर्यंत मालमत्ता तारण राहते, पण ते गहाण नव्हे. आता या कोशाच्या पानावर ‘चार्ज’समोर चौदा प्रतिशब्द आहेत. आरोप, हल्ला, शुल्क, ताबा, जबाबदारी, आज्ञा, भार, खर्च, असे सगळे स्वल्पविराम देऊन एका रांगेत उभे. बोजा नाहीच. विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला पाठ असलेला शब्द कोशकारांना सापडला नाही.

तरी शब्द राहून जाणं मी समजू शकते. माझी खरी तक्रार त्या रांगेबद्दल आहे. चौदा जण एका बाकावर बसवले आणि कोण कोणाचा कोण, ते सांगितलंच नाही. खरं तर सगळे एकाच घरचे आहेत. मुळात लॅटिनमधला ‘कारुस’ म्हणजे गाडा, त्यावरून गाड्यात माल लादणे, आणि तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चार्ज’. ‘कार’ आणि ‘कार्गो’ त्याचेच भाऊबंद. एकदा ‘लादणे’ हाती लागलं की बाकीचं आपोआप उलगडतं. माणसावर गुन्हा लादला तर आरोप, जमिनीवर कर्ज लादलं तर बोजा, खुर्चीसोबत काम लादलं तर पदभार, गिऱ्हाइकावर रक्कम लादली तर आकार. आणि गंमत म्हणजे आपला ‘आरोप’ही तसाच. संस्कृतात तो ‘वर चढवणे’ यातूनच आला. वृक्षारोपणातलं आरोपण तेच. दोन्ही भाषांनी माणसाच्या पाठीवर ओझं टाकूनच त्याला आरोपी केलं आहे. एवढ्या दोन ओळी कोशात असत्या तर माझ्या भाचीची अर्धी घोकंपट्टी वाचली असती.

पैशाच्या अर्थापाशी तर कोश ‘शुल्क’ म्हणून हात झटकतो. इतवारीच्या सराफ्यात जाऊन ‘बांगड्यांचं शुल्क किती?’ विचारून पाहा. सोनार मेकिंग चार्ज म्हणतो, माझी आई घडणावळ म्हणायची. शिंप्याची शिलाई, हमालाची हमाली, ऑटोवाल्याचं भाडं, डॉक्टरची फी. इंग्रजीतही ‘फी’, ‘फेअर’, ‘टोल’ वेगवेगळे आहेतच, आणि परीक्षेत नेमका हाच फरक विचारतात: ‘फेअर’ प्रवासाचं, ‘टोल’ रस्त्याचा, ‘फी’ वकील-डॉक्टरांची किंवा शाळेची. कोशात मात्र हे सगळे ‘चार्ज’चे समानार्थी म्हणून एका ओळीत कोंबले आहेत.

वापराच्या बाबतीत तर नापासच. ‘चार्ज’ आणि ‘अक्यूज’ समानार्थी दिले, ठीक आहे. पण ‘चार्ज’च्या मागे ‘विथ’ येतं आणि ‘अक्यूज’च्या मागे ‘ऑफ’, हे कोण सांगणार? ‘चार्ज्ड ऑफ थेफ्ट’ लिहिलेले अर्ज माझ्या टेबलावर अजूनही येतात. याहून नाजूक गोष्ट एका ‘द’ची. एखादी बाई मुलांची ‘इन चार्ज ऑफ’ असेल तर मुलं तिच्या ताब्यात. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हटलं की बाईच मुलांच्या ताब्यात गेली! मी हे समजावत होते तर भाची म्हणाली, “म्हणजे आपल्या घरासारखं.” तिच्या आईला फोनवर सांगितलंच मी हे.

‘डिस्चार्ज’समोर ‘मुक्त करणे’, आणि ‘अक्विट’समोरही ‘मुक्त करणे’. कोर्टात या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आरोप ठेवण्याइतकंही काही सापडत नाही म्हणून माणूस आधीच आरोपमुक्त होतो, दुसऱ्यात आरोप ठेवून खटला चालतो आणि मग निर्दोष सुटतो. नातेवाईक दोन्ही वेळा पेढे वाटतात, पण मला शपथपत्रात वेगवेगळं लिहावं लागतं. दवाखान्यातल्या डिस्चार्जला तर नागपुरात सरळ ‘सुट्टी झाली’ म्हणतात. तो अर्थ कोशात शोधायच्या भानगडीत मी पडले नाही.

आता चांगलं काय ते. अक्षर मोठं आहे, चाळिशी लावूनही डोळे दुखत नाहीत. उच्चार देवनागरीत दिलेत आणि बहुतेक बरोबर दिलेत. विरुद्धार्थी शब्दांची बाजू खरंच भक्कम आहे. परीक्षेत निम्मे प्रश्न तिथूनच सुटतील असं भाचीचं म्हणणं. क्रियापदांना कुठेकुठे उदाहरणाची वाक्यं आहेत. त्यातलं ‘चार्ज’चं वाक्य रानगव्यानं जीपवर घेतलेल्या मुसंडीचं आहे. पेंच-ताडोबाला जाऊन आलेल्या नागपूरकरांना पटेल असं. ते वाचून मी क्षणभर कोशकाराला माफही केलं होतं.

तेव्हा स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यानं ३४० पर्यंत जरूर घ्यावा, पण सोबत उदाहरणांसह अर्थ देणारा साधा इंग्रजी कोश ठेवावा. भाषांतराचं काम करणाऱ्यांनी घेऊ नये. त्यांनी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश धुंडाळावेत, ते रुक्ष असतात, पण कोर्टात टिकतात.

आमच्या प्रतीत ‘चार्ज’च्या पानावर मी पेन्सिलीनं बोजा, घडणावळ, ‘विथ’, ‘ऑफ’ आणि ‘द’ची भानगड लिहिली. समास पुरला नाही म्हणून हिरव्या लेजर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीच्या जाडीनं बांधणी नेमकी तिथेच उसवली. भाचीनं ते पान वेगळं काढून भिंतीवर, तिच्या मोबाइलच्या चार्जरच्या वर लावलं आहे.