गुरू कसा जन्मला? विज्ञान प्रदर्शनात कोणता सिद्धांत मांडावा

तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी ‘सूर्यमालेची निर्मिती’ हा विषय घेतला, की शिक्षकांपुढे पेच येतो तो गुरूपाशी. सुमारे ४५७ कोटी वर्षांपूर्वी वायू-धुळीचा ढग आकसला, मधोमध सूर्य घडला, भोवती तबकडी फिरू लागली; इथवर फारसा वाद नाही. पण त्या तबकडीतून पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा गुरू कसा झाला, यावर दोन मतं आहेत.

पहिलं मत: आधी गाभा. धुळीचे कण चिकटून खडे झाले, खड्यांचे काही किलोमीटरचे गोळे, आणि गोळे एकत्र येत पृथ्वीच्या दहापट वजनाचा गाभा. मग त्याने भोवतालचा हायड्रोजन आणि हेलियम ओढून घेतला. अडचण वेळेची आहे. तबकडीतला वायू फार तर कोटभर वर्षं टिकतो, गाभा त्याआधी व्हायला हवा. युरेनस-नेपच्यूनच्या अंतरावर तर हे गणित आणखी अवघड होतं.

दुसरं मत: दूध फाटावं तशा जड, थंड तबकडीत स्वतःच्याच गुरुत्वाने थेट गुठळ्या झाल्या, तेही हजारेक वर्षांत. आपापल्या ताऱ्यापासून फार दूर फिरणाऱ्या महाकाय ग्रहांना हे लागू पडू शकतं. पृथ्वी आणि मंगळ मात्र यातून उलगडत नाहीत.

शाळेसाठी मी पहिलंच मत घ्या म्हणेन, कारण त्याच्या बाजूचा एक पुरावा खानदेशातच पडलाय. १८४३ साली एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, मानेगावला अशनी कोसळला. तो डायोजेनाइट जातीचा, जवळजवळ सगळा पायरॉक्सिन खनिजाचा. असे दगड वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून आलेले मानतात. २०११ साली नासाचं डॉन यान वेस्टाभोवती पोहोचलं, तेव्हा या समजाला आणखी बळ मिळालं. सव्वापाचशे किलोमीटरचा हा गोळा सूर्यमालेच्या अगदी सुरुवातीच्या काळात घडला, किरणोत्सारी ॲल्युमिनियमच्या उष्णतेने वितळला आणि त्याचे थर वेगळे झाले. म्हणजे छोटे गोळे इतक्या लवकर तयार होत होते. गुरूचा गाभा असाच झाला हे यावरून सिद्ध होत नाही. पण पहिल्या मताची सुरुवातीची पायरी खरी दिसते.

मांडणी सोपी ठेवा. एक कोटी वर्षांना एक सेंटीमीटर धरून ४५७ सेंटीमीटरची कागदी पट्टी लावा. ‘आज’च्या टोकापासून साडेसहा सेंटीमीटरवर शेताच्या बांधावरचा काळा बेसाल्ट ठेवा, आपल्या दख्खनच्या खडकाचं वय साधारण ६.६ कोटी वर्षं. जन्माच्या टोकाला मानेगावचं नाव लिहा. गुरूची सगळी घडण तिथल्या पहिल्या सेंटीमीटरच्या आत उरकते, हे मुलांनी बोट ठेवून दाखवावं.

अकरावी-बारावीचा गट असेल आणि मुलांना संगणकावर कण फिरवून बघता येत असतील, तर दुसरं मत जरूर घ्या. सोबत चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने २०१४ साली टिपलेल्या एचएल टॉरी ताऱ्याच्या तबकडीचं छायाचित्र लावा. तिच्यातल्या काळ्या खाचांवर, जिथे ग्रह घडत असावेत असं मानतात, परीक्षक नक्की थांबतील.