आधी मान्झोनी की आधी 'लेपर्ड'?

उंबेर्तो एको वाचून झाला, एलेना फेरांते झाली, आता इटालियनमधलं जरा मागचं काही वाचावं असं ज्याला वाटतं त्याच्यापुढे बहुधा ही दोन नावं येतात: आलेस्सांद्रो मान्झोनीची 'बिट्रोथ्ड' आणि जुझेप्पे तोमासी दि लाम्पेदूसाची 'लेपर्ड'. दोन्ही ऐतिहासिक, आणि दोघांनीही आयुष्यात पुरी केलेली कादंबरी ही एकच. मला इटालियन येत नाही. मी दोन्ही इंग्रजीतून वाचल्या आणि दोन्हींचा अनुवादकही एकच निघाला, आर्चिबाल्ड कहून. त्यामुळे एक जड गेली आणि दुसरी सरसर गेली याचं खापर अनुवादकावर फोडायची सोय नाही.

मान्झोनीची सुरुवात फार झकास आहे. साल १६२८, उत्तर इटलीतल्या लोम्बार्दीवर स्पेनचा अंमल, कोमो तलावाकाठचं गाव. संध्याकाळी पोथी हातात घेऊन रमतगमत घरी निघालेल्या डॉन आब्बोंदिओ या पाद्र्याला दोन गुंड अडवतात आणि बजावतात, उद्याचं लग्न लावायचं नाही. हा पाद्री दुष्ट नाही, नुसता भित्रा आहे. असा एखादा हेडक्लार्क तुमच्याही ओळखीत असेल. मग नवरा मुलगा रेंत्सो वकिलाला नजराणा म्हणून चार जिवंत कोंबडे उलटे धरून नेतो, आणि ते लटकलेले कोंबडे वाटभर एकमेकांनाच टोचत राहतात. संकटातले सोबती बरेचदा असंच करतात, असा शेरा मान्झोनी जाता जाता मारतो. इथपर्यंत मी त्याचा भक्त होतो.

माझं घोडं अडलं ते बाविसाव्या प्रकरणात. त्याआधीच्या प्रकरणात एका रात्रीचं वर्णन आहे. ज्याचं नाव लेखक शेवटपर्यंत सांगत नाही असा एक क्रूर सरदार, त्याच्या गढीत पळवून आणलेली रेंत्सोची नवरी लुचिया, तिचं एकच वाक्य त्याच्या डोक्यात घोळतंय, हातात पिस्तूल आहे, झोप नाही. पहाटे घंटा वाजतात, लोक सणाचे कपडे घालून कार्डिनलच्या, म्हणजे चर्चच्या बड्या धर्माधिकाऱ्याच्या, दर्शनाला निघालेले दिसतात, आणि हाही निघतो. कार्डिनल उतरलेल्या घरापर्यंत तो पोचतो. आता ते दोघे समोरासमोर येणार, मी पान उलटतो, आणि मान्झोनी कार्डिनल फेदेरिगो बोर्रोमेओचं चरित्र सांगायला बसतो! जन्म, बालपण, साधी राहणी, मिलानमध्ये उभारलेलं आम्ब्रोझियाना ग्रंथालय, त्यासाठी देशोदेशी धाडलेली माणसं, जमवलेली तीस हजार छापील पुस्तकं आणि चौदा हजार हस्तलिखितं. कीर्तनकार बुवांनी ऐन आख्यानात चिपळ्या खाली ठेवून देवस्थानाचा जमाखर्च वाचायला घ्यावा, तसं. मी पुस्तक मिटलं ते दोन वर्षं उघडलं नाही.

कदाचित दोष माझ्या धीराचा असेल. पुढे उघडलं, पुरं केलं, आवडलंही. पण विश्वास उडाला तो उडालाच. प्रसंग तापला की मनात यायचं, आता बुवा थांबणार.

लाम्पेदूसाही गोष्ट सोडून बाहेर येतो, पण कसा बघा. १८६० साल, इटली एक करायला निघालेला गारिबाल्दी फौज घेऊन सिसिलीत उतरलाय, जुनी सरदारकी मावळतेय, आणि प्रिन्स फाब्रित्झिओ हे सगळं कंटाळलेल्या, समजूतदार नजरेने बघतोय. पालेर्मोतल्या एका नृत्यसमारंभात तो बसलाय आणि छतावर रंगवलेले देव खाली बघताहेत. त्या देवांना आपण अमर आहोत असं वाटतंय, पण १९४३ साली पिट्सबर्गमध्ये बनलेला एक बॉम्ब उलटं सिद्ध करणार आहे, असं लेखक एका वाक्यात सांगतो आणि परत नाचाकडे वळतो. लाम्पेदूसाचा स्वतःचा पालेर्मोतला वाडा एप्रिल १९४३ मध्ये दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झाला होता. त्या ढिगाऱ्यावर तो एक प्रकरण खर्चू शकला असता. मी तरी खर्चलं असतं.

खोट काढायचीच तर 'लेपर्ड'च्या पाचव्या भागात प्रिन्सचा पाद्री आपल्या गावी जाऊन भाचीचं लग्न जुळवतो, ते मला ठिगळ वाटलं. पण ते एका बैठकीत संपतं. दुसरा त्रास पुस्तकाचा नाही, पुस्तकातलं एक वाक्य उठसूट फेकणाऱ्यांचा आहे: सगळं आहे तसं राहायला हवं असेल तर सगळं बदलावं लागेल. अहो, ते लेखकाचं तात्पर्य नव्हे, लढाईला निघालेल्या तांक्रेदी नावाच्या चलाख पोराचं बोलणं आहे. त्यापेक्षा एकसंध इटलीत सामील व्हायचं का, या सार्वमताचा प्रसंग वाचा. गावचा निकाल जाहीर होतो: नोंदलेले ५१५, मतदान ५१२, होकार ५१२, नकार शून्य. नंतर शिकारीच्या वेळी प्रिन्सचा शिकारीतला सोबती डॉन चिच्चो त्याला चिडून सांगतो की मी तर 'नाही' म्हणून मत दिलं होतं. ग्रामपंचायतीची एक जरी निवडणूक जवळून पाहिली असेल, तरी या पानावर थबकाल.

चरित्रांचं म्हणाल तर मान्झोनी हयातीतच राष्ट्रपुरुष झाला. कायदेपंडित चेझारे बेक्कारियाचा हा नातू. १८२७ मध्ये गाजलेली कादंबरी त्याने पुढे फ्लोरेन्सच्या बोलीशी ताडून पुन्हा लिहिली, आणि १८४० ते ४२ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीने इटलीची प्रमाणभाषा घडवायला हातभार लावला. आपल्याकडे प्रमाणभाषेचा वाद कसा पेटतो ते आठवलं की त्याच्या धाडसाची कल्पना येते. तो १८७३ मध्ये गेला आणि वर्षश्राद्धाला संगीतकार वेर्दीने 'रेक्विएम' हे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत सादर केलं.

लाम्पेदूसा जन्मभर नुसता वाचत राहिला. १९५४ मध्ये कवी असलेल्या चुलतभावासोबत सान पेल्लेग्रिनोच्या साहित्यिक मेळाव्याला गेला, आणि परतल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, लिहायला बसला. दोन मोठ्या प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. दुसऱ्या नकाराचं पत्र जुलै १९५७ मधलं, आणि त्याच महिन्यात तो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. कादंबरी नोव्हेंबर १९५८ मध्ये, लेखक जोर्जो बास्सानीमुळे छापली गेली आणि पुढच्या वर्षी तिला स्त्रेगा हे इटलीतलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालं. लेखकाच्या चरित्राला भुलून पुस्तकाला गुण देऊ नयेत हे मला कळतं. पण मरणाच्या दारातला प्रिन्स हिशेब मांडतो की त्र्याहत्तर वर्षांतली खरी जगलेली दोन, फार तर तीन. तेव्हा तो हिशेब कोण करतंय हे विसरणं मला जमलं नाही.

तर आधी 'लेपर्ड' घ्या, असंच मी म्हणेन. एरवी मोठ्या कादंबऱ्यांत रमणाऱ्याने उलट क्रम लावला तरी माझी हरकत नाही, कारण मान्झोनीच्या चौतिसाव्या प्रकरणाच्या तोडीचं 'लेपर्ड'मध्ये काही नाही. १६३० चा प्लेग, मिलानचे ओस रस्ते. एक आई मेलेल्या लेकीला पांढरे कपडे घालून, केस विंचरून दारात येते, प्रेतं नेणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवते, लेकीच्या अंगावरचं काही काढू नको म्हणते, आणि सांगते की संध्याकाळी परत ये, आम्हालाही न्यायला. तिथे मान्झोनी एक शब्द जास्त बोलत नाही. तिथवर पोचायला बाविसावं प्रकरण आडवं आलं तर खुशाल उडी मारा. ज्यांना हे ऐकायचं नसेल त्यांनी सरळ पुढच्या प्रकरणावर जावं, असं त्याने स्वतःच तिथे लिहून ठेवलंय.